चालकाच्या डोक्यावरचं झाकण

कवळीमास्तरांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. जन्मभर त्यांनी लोकांचे दात केले. दंतवैद्य पुढच्या खोलीत बसायचे आणि मास्तर मागच्या खोलीत. पुढे किंकाळ्या, मागे कारागिरी. मेणात दात खोवायचे, प्लास्टरचे जबडे घासायचे, पांढऱ्याच्या किती छटा असतात ते त्यांना ठाऊक होतं. आसपासची निम्मी म्हातारी मंडळी त्यांच्या हातचं हसू हसत होती. कुठल्याही समारंभात गेले की ते माणसाच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघत, आणि बायको मागून कोपर मारून म्हणायची, "वर बघा जरा. त्यांना वाटेल तुम्ही चावायला आलात."

हात थरथरायला लागायच्या आधीच त्यांनी काम सोडलं. निरोपाच्या दिवशी दंतवैद्यांनी शाल, नारळ, घड्याळ असलं काही न देता त्यांची सगळी हत्यारं त्यांनाच देऊन टाकली. बारीक करवती, टोचे, कानशी, ठसे घ्यायची पुटी, आणि निळ्या कागदाच्या पट्ट्या. त्या हत्यारांनी मास्तर घराच्या मागच्या खोलीत रणगाडे करू लागले.

खरे नव्हेत, प्लास्टिकचे. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचे. खोक्यात चौकटी येतात, चौकटींना फांदीला फळं लटकावीत तसे भाग लटकलेले असतात. ते तोडायचे, तासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. विमानं का नाही, जहाजं का नाही, असं कुणी विचारलं तर मास्तर म्हणत, विमान दिसतं तेवढंच असतं. रणगाड्याचं माणसाच्या तोंडासारखं आहे. मिटलेलं असतं तेव्हा आत काय चाललंय ते बाहेरच्याला कळत नाही.

कारखानदार मात्र हात आखडता घेतो, ही त्यांची कायमची तक्रार. कड्यांच्या जागी नुसते उंचवटे, दिव्यांना तारा नाहीत, सांधलेल्या लोखंडाच्या कडा गुळगुळीत, आणि आत तर काहीच नाही, नुसती पोकळी. मास्तर ते सगळं भरून काढत. तारेच्या कड्या, मलमाच्या रिकाम्या नळीच्या पत्र्याचे पट्टे, मेणाच्या दोऱ्यानं सांध्याच्या रेघा. आतली खुर्ची, तरफा, पेडल, बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी येणारी पाण्याची बाटलीसुद्धा. मग वरून झाकण बसवायचं, आणि पुन्हा ते कुणालाही दिसणार नाही.

"झाकूनच टाकायचंय तर रंगवायचं कशाला?" बायको विचारायची.

"तुझी आतडी दिसतात का? पण आहेत ना?"

"माझी आतडी तुम्ही रंगवलेली नाहीत, तेवढं नशीब."

पूर्वी रंगभूमीवर अशा जातीचे नट असत. प्रवेशात पाकीट फोडून पत्र वाचायचं असलं, तर त्यांना कोरा कागद चालत नसे. आत खरोखर लिहिलेलं पत्र लागायचं, तेही शाईनं. शेवटच्या रांगेतल्याला काय कळणार, असं व्यवस्थापक म्हणायचे. नट म्हणायचा, मला कळतं. मास्तर त्याच जातीचे होते.

एक गोष्ट मात्र ते कधी करत नसत. रणगाड्यात माणूस बसवत नसत. खोक्यात चालक यायचा, तोफ डागणारा यायचा, सगळे चौकटीलाच राहायचे. मसुरीच्या डाळीएवढ्या त्या चेहऱ्यांना कितीही रंगवा, ते मेलेलेच दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा एकच परीक्षक होता, कोपऱ्यावरचा चष्मेवाला. तोही याच नादातला. दर रविवारी भिंग घेऊन यायचा आणि चुका काढायचा. "मास्तर, या बोल्टवरच्या नटाला पाचच बाजू दिसतात. सहावी घरी विसरली वाटतं?" मास्तर रागावत, मग तो नट उपटून नवा बसवत.

अशा घरात एका सकाळी समोरच्या बटणांच्या दुकानातल्या ताई आल्या.

त्यांचं दुकान म्हणजे राहत्या घराचंच पुढचं अरुंद बोळकांडं होतं. दोन्ही बाजूंना बरण्या, बरण्यांत बटणं. लग्न केलं नव्हतं. वडील अंथरुणाला खिळले होते ते जाईपर्यंत त्यांचं सगळं ताईंनीच केलं. त्यांच्या वरच्या दातांची कवळी मास्तरांच्या हातची होती, त्यामुळे मास्तरांना वाटलं कुठे टोचत असेल. पण ताईंनी पिशवीतून एक फोटो काढला.

फोटोत एक जळलेला रणगाडा होता. पुढून घेतलेला. तोफेची नळी थोडी एका बाजूला वळलेली आणि खाली झुकलेली, चालक बसतो त्या बाजूला.

"यात माझा दादा होता," ताई म्हणाल्या. "गाडी चालवायचा."

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. भर दुपारी गाडीला आग लागली. वरून तिघं उड्या टाकून बाहेर पडले. चालकाला स्वतःचं वेगळं दार असतं, डोक्यावर, वर उचलायचं झाकण. तो बाहेर आला नाही. पुढे गाडीचा प्रमुख घरी भेटायला आला होता. भला माणूस, खुर्चीच्या टोकावर बसून बोलला. वडिलांनी विचारलं, झाकण अडकलं होतं का? तो म्हणाला, नाही, आदल्याच दिवशी आम्ही तेल घातलं होतं त्याला; का आला नाही ते देवालाच ठाऊक. कदाचित भेदरला असेल, होतं असं, चांगल्या चांगल्यांचं होतं. त्यानं ते समजुतीनंच म्हटलं. पण वडिलांनी तो एकच शब्द उचलला. भेदरला. पाहुणा गेल्यावर त्यांनी दादाचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला, आणि त्या दिवसापासून घरात दादाचं नाव निघालं नाही.

"तुम्ही सरळ केला नाहीत फोटो? वडील गेल्यावर?" मास्तरांच्या बायकोनं विचारलं. ती दारात उभी राहून ऐकत होती.

"हात गेला होता तिथवर," ताई म्हणाल्या. "पण मलासुद्धा माहीत नाही ना काय झालं ते. खोटा मान कशाला द्यायचा?"

त्यांना तोच रणगाडा करून हवा होता, जसा होता तसा, तोफ फोटोत आहे तिथेच. फक्त जळलेला नको. आणि ते झाकण उघडझाप करणारं हवं. मला बघायचंय, एवढंच त्या म्हणाल्या. मास्तरांना वाटलं, आपल्याला समजलं. त्यांना फक्त अर्धं समजलं होतं.

त्या रणगाड्यावर मास्तरांनी जीव ओतला. त्याच जातीचं किट मिळालं, पण त्यात झाकण बंदच होतं, अंगातच ओतलेलं. मास्तरांनी सर्वात बारीक करवतीनं ते कापून वेगळं केलं, तारेची बिजागरी केली. आतला कप्पा त्या गाड्यांत असतो तसा पांढरा रंगवला. खुर्ची, तरफा, बाटली, सगळं झालं. मग वरचा, तोफेसकट फिरणारा घुमट बसवला, तोफेची नळी फोटोतल्यासारखी वळवली आणि टोच्यानं झाकण उचलून पाहिलं.

झाकण थोडं वर आलं आणि टक् करून नळीला खालून लागलं.

इथे मास्तरांच्या हातून जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. वरचा दात खालच्याला आधी लागला की तोंड मिटत नाही, रोग्याला बोलता येत नाही, हे ज्याच्या हाडात मुरलंय त्याच्याच हातून ते होणार. कवळीवाल्याला अडणं सहन होत नाही. कुठे काही लागलं की तो घासतो, उंची वाढवतो, थोडी जागा करून देतो. मास्तरांना वाटलं, झाकण कापताना आपल्याच हाताची चूक झाली, म्हातारा झाला हात. त्यांनी गुलाबी प्लास्टिकच्या पत्र्याचं, ज्याच्या हिरड्या करतात त्या पत्र्याचं, एक पातळ कडं कापलं आणि घुमटाच्या खाली सरकवलं. घुमट किंचित उचलला गेला. झाकण आता नळीखालून अलगद, पूर्ण उघडू लागलं.

रविवारी चष्मेवाला आला. भिंग लावून मान वाकडी करून म्हणाला, "सगळं झकास. पण घुमट जरा उंच वाटतो हो. टाचांचे बूट घातल्यासारखा."

"तुमचा चष्मा बदला," मास्तर म्हणाले.

ताई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी आधी रणगाडा हातात घेतलाच नाही. टेबलापाशी बसल्या, नुसत्या बघत राहिल्या. मग करंगळीच्या नखानं झाकण उचललं. नळी वर होती, झाकण तिच्या खालून सरळ उभं राहिलं. आत पांढरा कप्पा आणि रिकामी खुर्ची.

"उघडतं म्हणजे," त्या म्हणाल्या.

"लोण्यातून सुरी फिरावी तसं," मास्तर अभिमानानं म्हणाले.

"बरं."

त्यांनी झाकण मिटलं, रणगाडा पिशवीत ठेवला आणि निघून गेल्या. मास्तर खुशीत होते. बायको म्हणाली, तिला आवडला नाही. मास्तर म्हणाले, अगं, डोळे भरून आले होते तिचे. बायकोनं कपबशा उचलल्या आणि म्हणाली, "इतकी वर्षं तोंडंच बघितलीत तुम्ही. डोळ्यांतलं काय कळणार?"

त्यानंतर काही दिवस समोरचं दुकान दुपारी बंद दिसू लागलं. ताई दुपारी दुकानात जेवून तिथेच जरा पडायच्या, ही त्यांची जुनी सवय. आता त्या रस्त्यावर बाकड्यावर बसलेल्या दिसायच्या, उन्हात. बायकोनं विचारलं तर म्हणाल्या, आत उकडतं.

मग एका दुपारी त्या आल्या. एका हातात रणगाडा होता, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"हा ठेवून घ्या," त्या म्हणाल्या. "दुपारी वाजतो."

मास्तरांनी समजावलं. प्लास्टिक आहे ताई, उन्हानं पसरतं, सावलीत आक्रसतं, सांधे करकरतात. नव्या कवळीसारखंच आहे.

"करकर नाही. टकटक आहे. आतून." ताईंनी मूठ उघडली. तळहातावर ते गुलाबी कडं होतं. "आणि आज हे त्याच्याशेजारी पडलेलं होतं. हे कशाचं?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते कडं घुमट उपसून वर काढल्याशिवाय निघणं शक्य नव्हतं. बोटावरून न सरकता अंगठी बाहेर यावी, तसं ते होतं.

"घुमट उचलला होतात का तुम्ही?"

"मी त्याला हातसुद्धा लावत नाही," ताई म्हणाल्या. "त्या दिवसापासून."

घुमट त्याच्या जागी नीट बसलेला होता, आता बुटांच्या टाचा काढल्यासारखा, खाली. नळी फोटोतल्या जागीच. मास्तरांनी टोचा घेऊन झाकण उचललं. थोडं वर आलं, आणि टक्.

ताईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "हाच," त्या म्हणाल्या. "हाच आवाज." आणि मग, "आता का अडतंय? तेव्हा तर उघडत होतं."

तेव्हा मास्तरांना उरलेलं अर्धं समजलं. या बाईनं फोटो सरळ करावा की नाही, ते त्या झाकणावर ठेवलं होतं. आयुष्यभर ती एका आशेवर होती, की कदाचित अडलं असेल. आणि मास्तरांनी हिरड्यांच्या पत्र्याचं कडं सरकवून, लोण्यासारखं उघडून दाखवून, ती आशा तिच्या हातून काढून घेतली होती.

पण आता लगेच दुसरं टोक गाठायचं, हेही त्यांच्यातल्या कारागिराला पटेना. कडं चुकीचं होतं, की झाकण कापताना झालेली चूक खरी होती? किट तरी कुठे पूर्ण खरं असतं? तिला एकदा खोटं दाखवलं. दुसऱ्यांदा तिला बरं वाटेल असं खोटं दाखवायचं नव्हतं. ते म्हणाले, "मला थोडा वेळ द्या, ताई. मोजल्याशिवाय बोलणार नाही."

छावणीच्या फाटकासमोर, चौकात, त्याच जातीचा एक जुना रणगाडा चबुतऱ्यावर ठेवलेला होता. पोरं त्याच्यावर चढायची, कबुतरं त्याच्या नळीवर बसायची. मास्तर दुसऱ्या दिवशी पुटीचा डबा घेऊन तिथे गेले. चालकाचं झाकण सांधून कायमचं बंद केलेलं होतं, म्हणजे उचलून बघायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पुटी मळली, घुमटाखालच्या फटीत दाबून बसवली आणि ती कडक होईपर्यंत हात टेकून उभे राहिले. मग नळीची उंची आणि झाकणाचा घेर सुतळीनं घेतला. पहारेकरी जवळ आला.

"काका, माप घेताय का त्याच्या दातांचं?"

"हो," मास्तर म्हणाले. "याची बाइट तपासतोय. दात दातावर कसा बसतो ते."

तो हसत परत गेला. पुटी निघाली तेव्हा तिच्यावर लोखंडाचा खडबडीत ठसा उमटला होता. त्या ठशाची जाडी पस्तिसाव्या हिश्श्यावर आणली तर पातळ कागदाएवढी येत होती. कड्याला तिथे जागाच नव्हती. किट बरोबर होतं. मास्तरांच्या हाताची चूक झालेली नव्हती. चूक ती होती, जी त्यांनी सुधारणा म्हणून केली होती.

घरी येऊन त्यांनी शेवटची खात्री करायला घेतली. कवळी कुठे लागते ते बघायला निळा कागद असतो. दोन दातांमध्ये ठेवायचा, चावायला सांगायचं. जिथे लागतं तिथे निळा ठिपका उमटतो. रोगी खोटं बोलेल, कागद बोलत नाही. मास्तरांनी त्या कागदाची बारीक पट्टी कापली, झाकणाच्या वर आणि नळीच्या खाली अलगद ठेवली. टोच्यानं झाकण एकदा उचललं. पट्टी काढली. नळीच्या पोटाला खसखशीएवढा एक ठिपका. तो ओल्या कापसानं पुसला, पट्टी परत ठेवली आणि हात धुवायला गेले, कारण बायको जेवायला हाक मारत होती.

दोघं जेवायला बसली. बाहेर ऊन कडकडीत होतं, रस्ता निपचित पडला होता.

टक्.

बायकोनं मान वर केली. टक्, टक्. थांबलं. मग पुन्हा, जरा घाईनं.

"कोण आलंय बघते," म्हणत ती उठली आणि पुढचं दार उघडलं. दारात कुणी नव्हतं. समोर ताईंचं दुकान बंद, कुत्रंसुद्धा नव्हतं रस्त्यावर. ती परत आली, तेव्हा मास्तर ताटावरून उठून मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभे होते.

"अहो, दार वाजत नव्हतं का?"

मास्तर टेबलापाशी गेले. रणगाडा टेबलावर जसाच्या तसा होता. झाकण मिटलेलं. त्यांनी चिमट्यानं निळी पट्टी ओढून काढली. ती चाळणीसारखी झाली होती. घुमट उपसून नळी उलटी करून भिंगाखाली धरली. तिच्या पोटाला एक ठिपका नव्हता. ठिपक्यावर ठिपके होते, इतके दाट, की मधोमध त्यांची एक निळी गाठ झाली होती. कडेला काही ठिपके वेगळे पडले होते. मास्तरांनी तसले ठिपके पूर्वी पाहिले होते. माणूस एका जागी चावून थकला की जबडा जरा सरकवून दुसरीकडून प्रयत्न करतो, तेव्हा ते असे पडतात.

बायकोनं भिंगातून पाहिलं. नेहमी तिच्या जिभेवर काहीतरी तयार असायचं. आज ती फक्त म्हणाली, "तिला बोलवा."

ताई आल्या, खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर. मास्तरांनी आधी कड्याचं सांगितलं, काहीही न लपवता. मला अडलेलं बघवत नाही, म्हणून मी जागा करून दिली, आणि तुम्हाला खोटं दाखवलं. मग पुटीचा ठसा त्यांच्या हातात दिला. खऱ्या गाडीत केवढी फट असते, नळी केवढ्या उंचीवर येते, ते सांगितलं. तोफ फोटोतल्यासारखी वळलेली असली, तर चालकाचं झाकण उघडत नाही. तेल घातलेलं असो नाहीतर नसो.

"मुळीच नाही उघडत?"

मास्तरांनी उजवा हात पुढे केला, पंजा आडवा धरला. "एवढं. हात बाहेर येईल. डोकं नाही."

ताई त्या हाताकडे बघत राहिल्या. मास्तरांनाच तो हात जड झाला आणि त्यांनी तो खाली घेतला.

"मग तो बसून नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही, ताई. बसून नव्हता."

निळ्या ठिपक्यांचं सांगायचं की नाही, यावर मास्तर आणि बायको दुपारभर बोलले होते. माणूस भित्रा नव्हता हे कळणं वेगळं, आणि तो किती वेळ धडपडला ते कळणं वेगळं. बायको म्हणाली होती, अर्धं सांगून एकदा काय झालं ते बघितलंत ना. म्हणून मास्तरांनी भिंग त्यांच्यासमोर ठेवलं. ताईंनी पाहिलं. त्या रडल्या नाहीत. मन लावून, बरणीत हरवलेलं बटण शोधावं तसं त्यांनी ते सगळं बघितलं.

"वरची तिघं उड्या मारून गेली," त्या म्हणाल्या. "नळी तशीच राहिली."

"आग होती, ताई. त्यांच्या ध्यानातही आलं नसेल."

"नसेल. तो प्रमुख भला माणूस होता. येताना त्याचे हात भाजलेले होते, पट्ट्या होत्या." त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "नुसतं जरासं ढकललं असतं कुणी. एवढंसं."

आणि त्यांनी बोट पुढे करून तोफेची नळी बाजूला सारली. घुमट चिकटवलेला नव्हता. मास्तर कधीच चिकटवत नसत. तो अलगद फिरला.

यानंतर जे झालं त्याबद्दल घरात आजही दोन मतं आहेत. मास्तर म्हणतात, बोट परत घेताना ताईंचं नख झाकणाला लागलं असणार. बायको टेबलाच्या पलीकडे उभी होती, आणि ती म्हणते, ताईंचा हात तोपर्यंत मांडीवर परत आला होता. झाकण उघडलं. झटक्यानं नाही. दमलेल्या माणसानं उचलावं तसं, सावकाश, पूर्ण.

आत रिकामी खुर्ची, तरफा, बाटली. कुणी बसवलेलं नव्हतंच, तर कोण दिसणार? पण मास्तरांचं लक्ष झाकणाच्या आतल्या बाजूकडे गेलं आणि त्यांनी भिंग ओढून घेतलं. तिथला पांढरा रंग दोन ठिकाणी गेला होता. शेजारी शेजारी, तिळाहून लहान, दोन डाग.

रंगाचे पोपडे उडतात ते वेगळं. टोच्याचा ओरखडा तर मास्तरांनी झोपेतही ओळखला असता. हा रंग झिजला होता. कडा मऊ, मध्यभागी आतलं प्लास्टिक गुळगुळीत, चकाकणारं. जुनी कवळी हातात घेतली की ती कुणाची, तो कुठल्या बाजूनं चावायचा, हे मास्तर तिच्या झिजेवरून सांगत. सगळं नकली करता येतं, दात, हिरड्या, हसू. झीज तेवढी करता येत नाही. त्याला वापर लागतो.

त्यांनी नुसतं भिंग ताईंकडे सरकवलं. ताईंनी पाहिलं आणि मग स्वतःचे दोन्ही हात उचलून, तळवे वर करून, डोक्याच्या थोडे वर धरले. शेजारी शेजारी. तशा त्या काही वेळ बसून राहिल्या. नंतर हात खाली घेतले आणि पदरानं भिंगाची काच पुसली.

"नेते मी याला," त्या म्हणाल्या. "आता वाजणार नाही."

त्या संध्याकाळी मास्तरांची बायको खिळा आणि हातोडी घेऊन समोर गेली. जुना खिळा गंजून सैल झाला होता. दादाचा फोटो त्यांनी सरळ करून टांगला. इतकी वर्षं भिंतीकडे तोंड असल्यामुळे उन्हानं त्याचा रंग उडाला नव्हता. काल काढल्यासारखा दिसत होता. कानांवर आलेली टोपी, कमरेवर हात, आणि हसताना पुढचा एक दात किंचित पुढे. मास्तरांनी बघितलं आणि सवयीनं म्हणून गेले, "चांगली जिवणी होती." ताई हसल्या. त्यांची कवळी व्यवस्थित बसली होती.

रणगाडा आता फोटोखाली, बरण्यांच्या रांगेत असतो. नळी बाजूला सारलेली, झाकण उघडं. ताई पुन्हा दुपारी दुकानात पडतात. चष्मेवाला एकदा बटणं घ्यायच्या निमित्तानं जाऊन भिंग लावून आला. म्हणाला, घुमट आता बरोबर बसलाय. पण त्या झाकणाच्या आतला रंग गेलाय हो, तेवढा एक हात मारून टाका. मास्तर म्हणाले, तो राहू द्या.

मास्तर अजून रणगाडे करतात. त्यांच्या कपाटात काचेआड ते ओळीनं उभे असतात, आणि खोक्यावरच्या चित्रात तोफ कुठेही असली, तरी या कपाटात एकाही नळीची सावली चालकाच्या झाकणावर पडत नाही. हे करायला बायकोला कुणी सांगितलेलं नाही. ती धूळ पुसायला कपाट उघडते, एकेक नळी बोटानं बाजूला सारते आणि काच लावते. पूर्वी दुपारी जेवताना कुठे टक् झालं, की ती पुढचं दार उघडायला जायची. आता ती आधी मागच्या खोलीत जाते.